हाताला वळण नसलेल्या मुलांसाठी: शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय: डिस्प्रॅक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राची वाट न पाहता वर्गातच साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत, मी गेली एकोणीस वर्षे मराठी शिकवते. या काळात किती वह्या तपासल्या याची मोजदाद नाही. पण त्यांतल्या शेकडो वह्यांवर लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मी मारला आहे, हे पक्के आठवते. अक्षर सुधारायचे म्हणजे त्या मुलाने घरी जाऊन नेमके काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असायला हवे असे वाटलेही नव्हते. माझा धाकटा मुलगा दुसरीत असताना त्याच्या वहीवर तोच शेरा दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आला, तेव्हा मी तो पहिल्यांदा पालक म्हणून वाचला.

आज तो सहावीत आहे. पावसाचे चक्र, शिवकालीन किल्ल्यांची रचना, अपूर्णांकांची बेरीज, काहीही विचारले तरी तो उभा राहून नीट सांगतो. तेच लिहायला सांगितले की पाचव्या ओळीपर्यंत अक्षरे एकमेकांवर चढतात, दहाव्या ओळीला हात दुखू लागतो आणि पुढचे उत्तर अर्धे राहते. सदऱ्याचे बटण अजूनही शेजारच्या काजात जाते. तांब्यातून भांड्यात पाणी ओतताना निम्मे ओट्यावर सांडते. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडणे आपल्याला काम वाटतच नाही, पण ते त्याला नवव्या वर्षी जमले. सायकल अजून जमलेली नाही. धांदरट, वेंधळा, गळक्या हाताचा, अशी अनेक विशेषणे आपल्या भाषेत अशा मुलांसाठी तयारच आहेत, आणि सर्वांत प्रचलित म्हणजे ‘हाताला वळण नाही’. वळण या शब्दात अक्षराचा आकारही येतो आणि लागलेली शिस्तही येते. त्यामुळे जे मुलाच्या मज्जासंस्थेत आहे ते त्याच्या संस्कारांत शोधण्याची सोय भाषेनेच करून ठेवली आहे.

या अडचणीला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. वैद्यकीय वर्गीकरणात तिचे नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असे आहे. यात स्नायूंचा जोर कमी नसतो आणि बुद्धीही मंद नसते. हालचालींचा क्रम ठरवणे, तो हाताकडे पोचवणे आणि चुकल्यास जागच्या जागी सुधारणे, हे काम इतर मुलांत सरावाने आपोआप होऊ लागते. या मुलांना ते दर वेळी लक्ष देऊन, जणू पहिल्यांदाच, करावे लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेनुसार 5 ते 11 वर्षे वयाच्या मुलांत याचे प्रमाण 5 ते 6 टक्के आहे. आपल्याकडच्या चाळीस मुलांच्या वर्गाला ते लावले, तर प्रत्येक वर्गात अशी दोन मुले असतात. म्हणजे एकोणीस वर्षांत माझ्यासमोर अशी किती मुले बसून गेली असतील, याचा हिशेब मी एकदा मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. हाताने गबाळे असलेले प्रत्येक मूल डिस्प्रॅक्सियाचे नसते. दृष्टिदोष, सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे आजार नाहीत ना, हे आधी डॉक्टरांनी पाहावे लागते; आणि पूर्वी येत असलेली गोष्ट, जसे जिना चढणे, मुलाला येईनाशी झाली असेल तर एक दिवसही न थांबता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. डिस्प्रॅक्सियात आलेले कौशल्य जात नाही, ते मुळात उशिरा आणि कष्टाने येते. हा फरक शिक्षकांना सांगायला पाच मिनिटे पुरतात. मला तो सेवापूर्व प्रशिक्षणात कुणी सांगितला नाही आणि त्यानंतरच्या एकाही प्रशिक्षणात सांगितला नाही.

कायद्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या आहे, तिच्यात डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण), डिसग्राफिया (लेखनातील) आणि डिस्कॅल्क्युलिया (गणितातील) यांच्या बरोबरीने डिस्प्रॅक्सिया हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. कलम 16 नुसार शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य त्या अध्यापनपद्धती योजायच्या आहेत. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि अभ्यासक्रमातील फेरबदल यांची तरतूद आहे. महाराष्ट्राने तर याच्या कितीतरी आधी, 1996 पासून, अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्यास सुरुवात केली होती. या राज्यातील शिक्षिका म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

अडचण आहे ती या सवलतींपर्यंत नेणाऱ्या वाटेची. ही वाट प्रमाणपत्रातून जाते. केंद्राने जानेवारी 2018 मध्ये अधिसूचित केलेल्या आणि 2024 मध्ये नव्या सूचना येईपर्यंत लागू असलेल्या मूल्यमापनाच्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापूर्वी मिळत नव्हते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागत होती. त्यांत तपासणी ज्या चाचणीसंचाने करायची होती तो बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केला आहे आणि त्याचा मुख्य भर वाचन, शुद्धलेखन व गणित यांवर आहे. जे मूल अस्खलित वाचते, ज्याचे गणित बरे आहे, पण ज्याचा हात चालत नाही, ते या चाळणीतून अलगद खाली पडते. कायद्याने ज्याचे नाव घेतले, त्याला मोजण्याची पट्टीच तपासणाऱ्याच्या हाती नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत तीन वेळा रजा काढून आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका रुग्णालयात गेलो, आणि अखेर ‘वाचन वयानुरूप’ असा अभिप्राय घेऊन परतलो. अभिप्राय खोटा नव्हता. वाचनाची तक्रार आम्ही केलीच नव्हती.

समजा, प्रमाणपत्र मिळाले. तरी त्याचा उपयोग प्रामुख्याने दहावी-बारावीच्या परीक्षेत होतो, आणि हात तर बालवाडीपासून रोज तपासला जातो. पहिली ते आठवीच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात वहीची टापटीप पाहिली जाते. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तिन्ही विषयांत प्रामुख्याने हालचालींचे कौशल्यच पाहिले जाते. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण देते. प्रत्येक पेपरला 75 प्रश्न, 90 मिनिटे आणि उत्तरपत्रिकेवर रंगवायची छोटी वर्तुळे. माझ्या मुलाला वर्तुळ न ओलांडता रंगवायला इतका वेळ लागला की त्याने पहिल्या पेपरात शेवटचे अठरा प्रश्न वाचलेदेखील नाहीत. घरी आल्यावर ते प्रश्न त्याने मला तोंडी सोडवून दाखवले. ती शिष्यवृत्ती हुकल्याचे दुःख मी करत बसले नाही. पण त्या परीक्षेने त्याची बुद्धी मोजली, असे मात्र कुणी मला सांगू नये.

मराठीची शिक्षिका म्हणून आणखी एक निरीक्षण नोंदवते. देवनागरी लिपी या मुलांकडून फार काम करून घेते. उभा दंड, गाठ, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि सर्वांवर शिरोरेघ. ‘श्री’ किंवा ‘क्ष’ लिहिताना पेन्सिल किती वेळा उचलून पुन्हा नेमक्या जागी टेकवावी लागते, ते एकदा मोजून पाहावे. माझ्या मुलाच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका असतात. तोंडी विचारले की वेलांटी पहिली की दुसरी, हे तो बिनचूक सांगतो. चूक व्याकरणाची नसते, वेलांटी कोणत्या बाजूने वळवायची हे हात ऐन वेळी विसरतो म्हणून ती होते. आणि आम्ही गुण कापतो ते व्याकरणाचे.

घरात आम्ही काय केले, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल, कारण बहुतेक पालक तेच करतात. दुसरीच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याकडून रोज पाच पाने शुद्धलेखन लिहवून घेतले. माझे आईवडील म्हणाले, आमच्या वेळी हातावर पट्टी बसली की अक्षर सुधारायचे. यजमान म्हणाले, तुझ्या लाडांमुळे हे झाले. जून उजाडला तेव्हा अक्षर होते तसेच होते, फक्त वही पाहिली की त्याच्या पोटात दुखू लागले होते. तेच ते घोटून घेणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे एका व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, कळले. त्यांनी दाखवलेली पद्धत साधी होती. एका वेळी एकच काम घ्यायचे, तेही मुलाने निवडलेले. ते कसे करणार याची योजना त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायची, त्याप्रमाणे करून पाहायचे, आणि नंतर काय जमले, काय चुकले, हे त्यानेच तपासायचे. कॅनडात विकसित झालेल्या आणि आज या क्षेत्रात बऱ्यापैकी पुरावा असलेल्या उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. माझ्या मुलाने पहिले काम निवडले ते डब्याचे झाकण उघडण्याचे. मी अक्षराच्या मागे लागले होते आणि तो रोज मधल्या सुटीत डबा उघडून द्यायला कुणाला तरी विनवत होता, हे मला तोवर माहीत नव्हते.

हे तज्ज्ञ गाठण्यासाठी आम्ही दर पंधरा दिवसांनी पुण्याला जात होतो, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. यात एक विसंगती आहे. भारतातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. आणि त्यांच्या नावाची शाळा आमच्याच जिल्ह्यात, फलटणला आहे. ज्या राज्यात या विद्येची मुळे पाऊणशे वर्षे जुनी आहेत, तिथल्या तालुक्याच्या मुख्याध्यापकांना या व्यवसायाचे नावही माहीत नसावे, याचे आश्चर्य वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययनातील अडचणींचाही समावेश आहे. आमच्या शाळेत मी पाहिले ते असे की पथक येते त्या दिवशी वजन, उंची, दात आणि डोळे यांतच वेळ संपतो. मुलाला चेंडू झेलता येतो का, त्याच्या वयाच्या इतरांच्या मानाने त्याला कपडे घालायला किती वेळ लागतो, एवढे दोन प्रश्न वर्गशिक्षकाला आधी विचारून ठेवले, तरी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे कोणाला पाठवायचे ते ठरवता येईल. ते खाते आपले नाही, याची मला कल्पना आहे. पण शाळा आपली आहे आणि वर्गशिक्षकही आपला आहे.

माझी मुख्य विनंती अशी की वर्गातील साहाय्य प्रमाणपत्रापासून वेगळे करावे. बोर्डाच्या परीक्षेतील सवलतीसाठी प्रमाणपत्र मागावे, त्याबद्दल वाद नाही. गैरवापर होतो हेही मी पाहिले आहे. परंतु फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण देणे, पाच उत्तरांपैकी दोन लेखी व तीन तोंडी घेणे, रुंद ओळींची वही चालवणे, पाय जमिनीला टेकतील अशा बाकावर बसवणे, चाचणीत तासाला वीस मिनिटे अधिक देणे आणि कोणत्याही विषयात अक्षराचे गुण न कापणे, यांपैकी कशालाही वैद्यकीय मंडळाच्या शिक्क्याची गरज नसावी. यात कुणाचे नुकसान होत नाही आणि शासनाचा फारसा खर्चही होत नाही. तरीही माझ्या मुलाच्या वर्गशिक्षिकेने, ज्या मनाने अतिशय चांगल्या आहेत, मला हेच सांगितले की कागद असल्याशिवाय मला काही करता येणार नाही, उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू. त्यांची भीती खरी आहे. ती आपल्या कार्यालयाच्या एका परिपत्रकाने जाऊ शकते.

या मागणीला न्यायालयीन आधारही आहे. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा निकष पूर्ण होत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वाजवी सोयीचा हक्क त्या टक्केवारीपुरता मर्यादित नाही. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने लिहिण्यात अडचण असलेल्या, पण चाळीस टक्क्यांखालील उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. देशातील एका मोठ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला जे मिळू शकते, ते चौथीच्या घटक चाचणीत का मिळू नये?

लेखनिकाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण याबाबत माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. डिस्प्रॅक्सियाच्या मुलासाठी लेखनिक हा शेवटचा उपाय असावा. निबंध दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते दहावीच्या वर्षी अचानक येत नाही. या मुलांना हवा आहे कळफलक. प्रत्येक कळ दाबण्याची हालचाल एकसारखी असते, वेलांटी वळवावी लागत नाही आणि शिरोरेघ आपोआप येते. सीबीएसईने 2018 मध्ये विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना उत्तरे संगणकावर टंकित करण्याची मुभा दिली. आपल्या मंडळानेही ती द्यावी, आणि पाचवीपासून शाळेच्या संगणक कक्षात या मुलांना आठवड्यातून दोन तास मराठी टंकलेखनाचा सराव मिळावा. आमच्या शाळेत नऊ संगणक आहेत. त्यांतले सहा चालू आहेत, आणि तेही दुपारी बंद असतात.

शारीरिक शिक्षणाबाबतही असेच आहे. प्रजासत्ताक दिनाच्या लेझीम पथकातून माझ्या मुलाला पहिल्याच दिवशी बाजूला काढले होते. ओळ बिघडते, हे कारण होते आणि ते खरेच होते. तीन वर्षे त्याने कडुलिंबाखाली बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. गेल्या वर्षी नव्याने आलेल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला एकच प्रकार, ‘चार आवाज’, आधी लेझीम न घेता नुसत्या पावलांनी, मग नुसत्या हातांनी आणि मग दोन्ही मिळून, असा तीन आठवडे शिकवला. 26 जानेवारीला तो शेवटच्या रांगेत होता. ‘आठ आवाज’ त्याला अर्धाच आला आणि ‘आगे फलांग’ला तो उलट्या दिशेने गेला, शेजारच्या मुलाने त्याचा खांदा धरून त्याला फिरवले. या शिक्षकांनी कोणतेही विशेष प्रशिक्षण घेतलेले नाही. मात्र हालचाल तुकड्यांत शिकवायची असते, हे त्यांना कुस्तीच्या तालमीत कळले होते. जे एका शिक्षकाला योगायोगाने कळले, ते राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला एका दिवसाच्या प्रशिक्षणातून सर्व शिक्षकांपर्यंत पोचवता येईल, आणि त्यात मराठी, कला आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आधी बोलवावेत, कारण मुलाचा हात सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडतो.

विशेष शिक्षकांच्या नेमणुकांचा विषय मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे म्हटले आहे. आमच्या केंद्रातील विशेष शिक्षक किती शाळा सांभाळतात, हे आपल्या कार्यालयात नोंदलेले असेलच. म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. ती पदे भरली जातील तेव्हा जातील. परिपत्रकाला पदभरती लागत नाही.

नवीन शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. त्यापूर्वी हे परिपत्रक निघावे, त्यात डिस्प्रॅक्सिया हा शब्द अधिनियमात आहे तसाच नावानिशी असावा, आणि तपासणीसाठी येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनाही त्याची प्रत जावी, अशी विनंती आहे. मसुदा तयार करताना वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या दोन-चार शिक्षकांना बोलावले, तर मी स्वखर्चाने पुण्याला येईन. त्या रस्त्याची मला सवय आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका व पालक,
सातारा जिल्हा